शेजारची सीट

१

सीट पुन्हा पुढे सरकलेली होती.

एनिड एन्टविसल एक पाय गाडीत आणि एक बाहेर अशी अवघडून उभी राहिली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा स्टिअरिंगमागे बसून वेगाचे, तेलाच्या दाबाचे काटे पुसत होता. गाडीला दारं नव्हती, छप्पर नव्हतं, खिडक्या नव्हत्या. पण काटे लखलखीत पाहिजेत.

"क्लिफर्ड, किती वेळा सांगायचं? माझ्या सीटला हात लावू नकोस."

"कोण लावतंय हात?"

"मग काय, ती आपली आपण चालत पुढे आली?"

"उतारावर लावली होती ना गाडी. सरकली असेल."

उतार मागच्या बाजूला होता. हे सांगायला एनिडने तोंड उघडलं आणि मिटलं. या माणसाशी वाद घालणं म्हणजे स्वतःचंच डोकं फोडून घेणं, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तिने वाकून सीटखालचा दांडा ओढला, कंबरेने सीट मागे रेटली, खाच बसल्याचा टक् आवाज ऐकला आणि मग आत शिरली. एनिड चांगली उंच बाई. सीट पुढे असली की तिचे गुडघे समोरच्या फळीत रुतायचे. एवढी पुढे सीट एखाद्या अगदी बुटक्या माणसालाच लागली असती.

लँकेशरहून उत्तरेकडे निघाल्यापासून रोज सकाळी हेच चाललं होतं. धाब्यावर बसवलं असतं तिने. पण ही सहल साधी नव्हती. मुलगी शाळेत असताना क्लिफर्डने गॅरेजमध्ये ही गाडी जुळवायला घेतली आणि ती रस्त्यावर आली तेव्हा मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली होती. मधली सगळी वर्षं एनिडने गॅरेजच्या बंद दाराशी चहा नेऊन ठेवण्यात घालवली. मोरकमला तिची बहीण नोरा एकटी राहायची. समुद्राकडे खिडकी असलेली एक खोली तिने एनिडसाठी रंगवूनसुद्धा ठेवली होती. "ही सहल होऊ दे," एनिडने तिला फोनवर सांगितलं होतं. "आठवडाभर त्याच्या शेजारी बसून बघते. माणूस माझ्याशी बोलला तर ठीक, नाहीतर मी आले म्हणून समज."

आतापर्यंत तो बोलला होता ते तेलाच्या दाबाबद्दल.

२

अशा गाड्या जुळवणाऱ्यांचं एक वेगळंच गणगोत असतं. सांगाडा आणि पत्रा कारखान्यातून पेटीत बांधून येतो. इंजिन, चाकं, काटे, सीटा हे सगळं एखाद्या मोडीत निघालेल्या गाडीतून काढून घ्यायचं. त्या मोडक्या गाडीला हे लोक 'दाता' म्हणतात. आणि दात्याची चौकशी करायची नाही, हा त्यांचा रिवाज. ती कुणाची होती, कशी आपटली, आत कोण होतं, काही विचारायचं नाही. भंगारवाला सांगायला लागला तरी विषय बदलायचा.

क्लिफर्ड आणि त्याच्या चार दोस्तांनी मिळून एकच दाता घेतला होता. मोठी, चार दारांची जुनी गाडी. उत्तरेकडच्या डोंगरातून आली होती, एवढंच भंगारवाल्याच्या तोंडून निसटलं, तेवढ्यात दोस्तांपैकी डग्लसने हवापाण्याची गोष्ट काढली. मग चार गाड्यांसाठी चार वाटे झाले. डग्लस ओगडेनने समोरचे दिवे आणि जाळी घेतली, कारण त्याला सगळ्यात पुढे राहायची हौस. हिंडल बंधूंनी इंजिन घेतलं. मागचा धुरा आल्विनकडे गेला; आल्विन म्हणजे भूगोलाचा निवृत्त मास्तर, एकटा जीव. क्लिफर्डच्या वाट्याला स्टिअरिंग, काटे आणि दोन्ही सीटा आल्या. त्यातली चालकाची सीट त्याने लगेच फेकून दिली आणि स्वतःसाठी नवी, गुबगुबीत घेतली. पाठ दुखते म्हणून.

"आणि माझी?" एनिडने विचारलं होतं.

"तुला काय, नुसतं तर बसायचंय."

त्या जुन्या सीटला कापड एनिडनेच चढवलं. आतला स्पंज पूर्ण वाळायला उन्हाळा जावा लागला, इतका तो भिजलेला होता. शिवणीत डोंगरावर उगवतं तसलं वाळकं जांभळं झुडूप अडकलं होतं आणि केसांची एक तपकिरी पिन. पिन तिने कचऱ्यात टाकली. तिचे स्वतःचे केस कानापर्यंत कापलेले. तिला पिनांचा काय उपयोग?

३

दुपारी एका तळ्याकाठी सगळे सँडविच खायला थांबले. समोर डोंगर असे उभे होते की कुणीही गप्प होऊन बघत राहिलं असतं. पण पुरुषमंडळी चारही गाड्यांची झाकणं उघडून आत डोकी घालून उभी. डग्लसची बायको मार्जरी थर्मास घेऊन एनिडजवळ आली.

"बघ की गं, एवढा देखावा आहे आणि ह्यांच्या नाकाला ग्रीसचाच वास लागतो."

"माझ्या सीटचं काहीतरी बिनसलंय, मार्जरी. रोज पुढे येते."

"क्लिफर्डला सांग ना."

"भिंतीला सांगितलेलं बरं."

मार्जरी हसली. तेवढ्यात डग्लसने शिट्टी फुंकली. शिट्टीशिवाय त्याला घास उतरत नसावा. "मंडळी, इकडे लक्ष द्या! पुढे खिंड आहे. रस्ता एका गाडीचा. धुकं उतरतंय, असं खाली पेट्रोलवाला म्हणाला. सगळ्यांनी जवळजवळ राहायचं. मागच्याचा दिवा आरशात दिसलाच पाहिजे."

"मी दुसरा राहणार," क्लिफर्ड म्हणाला. "रोज तिसराच होतोय मी."

"रहा की. कुणी अडवलंय?" मोठा हिंडल म्हणाला.

पण निघताना क्लिफर्डची गाडी सुरू होईना. खर्र खर्र करून थांबायची. वैतागून त्याने हात वर केला, हिंडल बंधूंची गाडी पुढे गेली, आणि ती गेल्याबरोबर याची एका झटक्यात सुरू झाली. आल्विन मागे येऊन लागला. काल हेच झालं होतं. परवा आल्विनला पुढे जायचं होतं, तर त्याचं चाक पंक्चर झालं होतं.

एनिडच्या मनात एक गंमत आली आणि ती बोलून बसली. "क्लिफ, अरे, बघितलंस का? पुढे दिवे, मग इंजिन, मग सीट, मग मागचा धुरा. तुमचा तो दाता आपला ओळीने चाललाय."

मागून आल्विनने ऐकलं. तो नेहमी मोठ्याने हसायचा. आता तो हसला नाही, नुसता समोर बघत राहिला.

"काहीतरीच तुझं," क्लिफर्ड म्हणाला आणि तेलाच्या दाबाकडे बघू लागला.

४

चढ लागला तसं ऊन गेलं. आधी समोरचा डोंगर गेला, मग दरी गेली, मग रस्त्याच्या कडेचे दगडही दिसेनासे झाले. हिंडल बंधूंच्या गाडीचे मागचे दोन लाल ठिपके तेवढे पुढे होते. उघड्या गाडीत धुकं अंगावरून वाहत होतं. एनिडने कोटाच्या खिशातून रुमाल काढायला हात खाली नेला आणि सीटच्या कडेशी बोटांना काहीतरी टोचलं.

केसांची तपकिरी पिन.

तिच्या डोक्यात एकदम संताप चढला. भीती नाही, संताप. तर हे असं आहे! रोज रात्री सगळे झोपल्यावर 'गाडी झाकून येतो' म्हणून हा बाहेर जातो, तो या कारणासाठी! कुठली तरी बुटकी बया याच्या शेजारी बसते आणि जाताना सीट मागे करायचीही अक्कल नाही तिला.

"ही कुणाची?"

"काय कुणाची?"

"ही पिन, क्लिफर्ड! माझ्या सीटवर!"

"तुझीच असेल."

"माझ्या केसांत पिन राहते का? सदतीस वर्षं झाली लग्नाला, कधी बघितलंयस माझ्या डोक्याकडे?"

क्लिफर्डने खरोखरच वळून तिच्या डोक्याकडे बघितलं, गोंधळलेल्या चेहऱ्याने. त्या चेहऱ्याकडे बघून एनिडचा राग अर्धा गळाला. या माणसाला लफडं करायचं सुचणं शक्यच नव्हतं. त्यासाठी दुसऱ्या माणसाकडे लक्ष द्यावं लागतं.

मग पिन कुणाची? घरी टाकली तीच कुठे अडकून राहिली असेल. कापडाच्या घडीत. हो, तसंच. आणि सीट ब्रेकच्या हिसक्याने पुढे येत असणार. खाच झिजली असेल. तिने खाली हात घालून दांडा चाचपला. खाच पक्की बसलेली होती.

टक्.

सीट तिच्यासकट एक खाच पुढे सरकली. गाडी चढावर होती. ब्रेक लागला नव्हता.

"क्लिफ, थांबव."

टक्.

गुडघे फळीला टेकले. पाठीमागून कुणी सावकाश, शांतपणे सीट पुढे घेत होतं, तिच्या वजनाची पर्वा न करता.

"थांबव म्हणते ना!"

"अगं, एकेरी रस्ता आहे, मागे आल्विन आहे! काय डोकं खातेस?"

पुढचे लाल दिवे थांबले म्हणून क्लिफर्डला थांबावं लागलं. रस्ता जरासा रुंद होता तिथे डग्लसने सगळ्यांना थांबवलं असावं. एनिडने पट्टा सोडला, पाय बाहेर टाकले आणि उतरली.

"बस तू तुझ्या काट्यांशी बोलत. मी आल्विनच्या गाडीत बसून येते."

क्लिफर्ड काट्यांकडेच बघत होता. त्याने ऐकलं की नाही, हेही तिला कळलं नाही.

५

आल्विनची गाडी इतकी चिकटून उभी होती की मधून जायला वाट नव्हती. एनिड वळसा घालून त्याच्या बाजूला गेली.

"आल्विन, तुझ्या शेजारी बसू का रे? माझं आणि त्याचं वाजलंय."

आल्विन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होता. त्याच्या भुवयांवर दवाचे थेंब जमले होते. ते पुसायला त्याने हात उचलला नाही.

"आल्विन?"

तेव्हा तिला आवाज ऐकू आला. धप्प. गाडीचं दार बंद झाल्याचा, जड, पत्र्याचा आवाज. पुढून आला, क्लिफर्डच्या गाडीकडून. एनिडने तो ऐकला आणि लगेच तिच्या लक्षात आलं की इथे चारांपैकी एकाही गाडीला दार नाही.

मग इंजिन सुरू झालं. चार इंजिनांचा एरवीचा गोंगाट तिच्या कानांना पाठ होता. त्याने आठवडाभर तिचं डोकं उठवलं होतं. हा एकाच इंजिनाचा आवाज होता, दबका, बंद गाडीच्या आतून यावा तसा. आल्विनची गाडी तिच्या कोटाला घासून हलली, पुढच्या गाडीमागे, आणि ती गाडी तिच्याही पुढच्या गाडीमागे. ती ओरडत चार पावलं धावली.

"क्लिफ! अरे क्लिफ! मी इथे आहे!"

वळणावर धुकं क्षणभर पातळ झालं. तिला पुढे दोन दिवे दिसले, मागे दोन चाकं, आणि मधे एकसंध, काळसर आकार. त्याला छप्पर होतं. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. एक क्लिफर्डची टोपी. दुसरं डोकं सीटच्या वर जेमतेम येत होतं, केस वर बांधलेले. क्लिफर्डने मान त्या डोक्याकडे कलती केली होती आणि त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता.

किती वर्षांनी तिने त्याला तसं हसताना पाहिलं.

६

पोस्टाची लाल गाडी खिंडीतून उतरत होती म्हणून एनिड वाचली. पोस्टमनने तिला आत घेतलं, गुडघ्यांवर घोंगडी टाकली आणि वर चार शब्द सुनावले.

"धुक्यात बाईमाणसाने एकटं चालायचं? मरायचंय का?"

"माझा नवरा मला सोडून गेला. चार गाड्या होत्या आमच्या. दिसल्या?"

"चार नाही. एक गेली. जुनी, मोठी गाडी, पण काय लखलखीत ठेवली होती! मी बाजूला झालो तर आतल्या बाईने हातसुद्धा केला."

पोस्टमनने तिच्यासाठी गाडी वळवली आणि खिंडीपलीकडच्या गावाकडे घेतली. नजर चुकते माणसाची, धुक्यात तर चुकतेच. पोस्टमनची चुकली, तिची चुकली. असं ती खालच्या गावापर्यंत मनाशी म्हणत राहिली.

खानावळीसमोर चारही गाड्या उभ्या होत्या. उघड्या, बिनछपराच्या, बिनदारांच्या. एकीचं नाक दुसरीच्या पाठीला टेकलेलं. आत शेकोटीजवळच्या टेबलावर क्लिफर्ड बसला होता आणि त्याच्यासमोर दोन कप होते.

"अगं, कुठे उठून गेलीस? चहा गार झाला."

"कुठे गेले? तू मला डोंगरावर टाकून आलास, क्लिफर्ड!"

"आता काय नवीन? आत्ता तर इथे बसली होतीस." तो प्रेमाने हसला. एनिडला ते बघवेना. "काय छान गेला गं प्रवास! इतकं गोड कधी बोलली होतीस तू? मीही किती दिवसांनी बोललो. म्हटलं, उगीच गॅरेजमध्ये वर्षं घालवली."

एनिडने दुसऱ्या कपात बघितलं. तळाशी न विरघळलेली साखर होती. ती चहात साखर घेत नाही. हे त्याला ठाऊक असायला हवं होतं.

"काय बोलले मी?"

"हेच की उद्या परत खिंडीवरूनच जायचं. आणि वरच थांबायचं जरा. तुला आवडलं ना तिथे. डग्लसला सांगितलं मी, तो तयार आहे. सगळे तयार आहेत."

"किती वेळ थांबायचं?"

क्लिफर्डने खांदे उडवले. "तू म्हणालीस, घरी जायची काय घाई आहे."

एनिड त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. खुर्ची अजून ऊबदार होती. मोरकमची खोली तिच्या डोळ्यांसमोर आली, समुद्राकडची खिडकी, नोराने शिवलेले पडदे. आठवडाभर ती या माणसाच्या एका वाक्याची वाट बघत होती. ते वाक्य तो बोलला होता, पण तिच्याशी नाही. तिला रडू आलं आणि तिने चिडून डोळे पुसले.

७

सकाळी धुकं गावापर्यंत उतरलं होतं. पोस्टाची गाडी खालच्या स्टेशनला जायला निघाली होती. "जागा आहे, येताय का बाई?" पोस्टमन म्हणाला. एनिडने बॅग उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

समोर चार गाड्या ओळीत उभ्या होत्या. कुणी ओरडत नव्हतं, कुणी झाकण उघडून बघत नव्हतं, डग्लसची शिट्टी वाजली नव्हती. मार्जरी नवऱ्याशेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. एनिडने तिला हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. क्लिफर्ड स्टिअरिंगमागे होता आणि शेजारच्या सीटकडे बघून काहीतरी हळू आवाजात सांगत होता.

सीट अगदी पुढे होती. शेवटच्या खाचेपर्यंत.

"क्लिफर्ड, पाना दे."

"कशाला?"

"ही सीट काढून टाकायची आहे. आत्ताच्या आत्ता. मी गाडीच्या तळाशी उशी टाकून बसते."

"मग ती कुठे बसेल?"

"कोण ती?"

क्लिफर्डच्या कपाळाला आठी पडली. खोल कुठेतरी काहीतरी शोधत असल्यासारखा तो थांबला. "तू म्हणजे. तू कुठे बसशील? काय गं सकाळी सकाळी." आणि तो पुन्हा सीटकडे वळला.

एनिडने बॅग मागच्या फटीत फेकली. पोस्टमनला हाताने 'जा' म्हणून खुणावलं. सीटचा दांडा ओढला. तो हलला नाही. पाय लावून ओढला, हलला नाही. मग ती सरळ आत घुसली. गुडघे हनुवटीला लागले, फळीची कड नडग्यांत रुतली आणि पाठीला सीटच्या कापडाचा ओला, गार स्पर्श झाला.

"सरक," ती दात खाऊन म्हणाली. "मी वर्षानुवर्षं गॅरेजच्या दाराशी चहा ठेवलाय. ही माझी जागा आहे."

पुढे हिंडल बंधूंची गाडी हलली. एनिडने नवऱ्याचं मनगट घट्ट पकडलं.

"क्लिफ, माझ्याशी बोल. तेलाच्या दाबाबद्दल बोल, कशाबद्दलही बोल, पण माझ्याशी. पूर्ण वाटभर. ऐकतोयस का?"

गाव मागे पडलं, पहिला चढ आला. मग त्याने मान वळवली, डोळे बारीक केले आणि दुरून ओळखीचं माणूस दिसावं तसं तिच्याकडे बघितलं.

"एनिड?" तो म्हणाला. "तू कधी आलीस?"

"मी इथेच होते रे, मेल्या," ती म्हणाली. "बोलत राहा."

"तेलाचा दाब," तो चाचरत म्हणाला, "दाब जरा कमी वाटतोय गं."

"किती कमी? नीट सांग."

तो सांगू लागला. एनिड त्याचं मनगट धरून ऐकत राहिली. तिच्या खाली सीट टक् करून आणखी पुढे सरकली, जिथे पुढे सरकायला खाच उरलेली नव्हती.